साठ्याची वही

2023 चा डिसेंबर मी नैरोबीतल्या एका बालगृहात साठ्याची वही लिहिण्यात घालवला. नाताळच्या दिवसांत परदेशातल्या बालगृहात सेवा, असे म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते त्यात वही नसते, आणि माझ्याही मनात ती नव्हती. नवऱ्याच्या नोकरीमुळे केनियात येऊन आम्हांला दोन वर्षे झाली होती. इथले शालेय वर्ष जानेवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपत असल्यामुळे डिसेंबर म्हणजे इथल्या मुलांचा मे महिना. तेव्हा सुटीतल्या मुलांना गोष्टी सांगाव्यात, त्यांच्याकडून रंगीत कागदांचे कंदील करून घ्यावेत आणि वसईत किंवा गोव्यात नाताळला घरांवर चांदण्या टांगतात तसे ते व्हरांड्यात टांगावेत, अशी माझी योजना होती.

शहराच्या पूर्वेला, कांगुंडो रस्त्यावरून आत वळल्यावर हे बालगृह लागते. तिथल्या समाजसेविकेने माझी योजना शांतपणे ऐकून घेतली, बोटांचे ठसे देऊन पोलिसांकडून मिळणारा वर्तणुकीचा दाखला आणायला सांगितले, मुलांचे फोटो काढायचे नाहीत असे बजावले आणि मग विचारले, "तुम्ही जानेवारीत येणार आहात का?" मी गडबडले, कारण जानेवारीचा विचारच केला नव्हता. "मग मुलांना फार लळा लावू नका," ती म्हणाली. "हिशेब येतो का?"

लग्नाआधी पुण्यात सहा वर्षे मी एका पतसंस्थेत नोकरी केली होती, त्यामुळे हिशेब येत होता. रागही आला होता. इतक्या हौसेने आलेल्या बाईला कोणी कोठीत बसवते का, असे घरी येऊन नवऱ्याला म्हटल्याचे आठवते.

कोठीत बसल्यावर पहिल्याच आठवड्यात कळले की डिसेंबर हा बालगृहाचा सुगीचा महिना असतो. चर्चच्या मंडळ्या, कंपन्यांचे कर्मचारी, कॉलेजांचे गट आणि आपल्या भारतीय मंडळींचेही दोन-तीन गट येऊन गेले. उंगा, म्हणजे मक्याचे पीठ, दोन-दोन किलोंच्या पुड्यांतून येई. त्याबरोबर साखर, तांदूळ, वनस्पती तूप, साबण, बिस्किटे, आणि तिथे दुपट्यातले एकही मूल नसताना डायपरांचे खोके. तेवीस तारखेपर्यंत माझ्या वहीत उंग्याच्या 310 पुड्यांची नोंद झाली होती आणि खालच्या थरातल्या पुड्यांना कीड लागू नये म्हणून त्या वरखाली करण्यात माझी एक दुपार गेली. पाहुण्यांचा प्रत्येक गट आला की मुले रांगेत उभी राहून तीच दोन स्वागतगीते म्हणत. 16 डिसेंबरच्या शनिवारी ती चार वेळा म्हटली गेली. तिसऱ्या खेपेला पुढच्या रांगेतली एक सात-आठ वर्षांची मुलगी ओठ हलवत होती आणि डोळे मिटून उभ्याउभ्या पेंगत होती. मोबाइलवर चित्रीकरण करू पाहणाऱ्यांना मेट्रनबाई अडवत, आणि त्यावरून कधीकधी कुरबुरही होई, कारण इतके सामान आणल्यावर एक फोटो मागणे पाहुण्यांना गैर वाटत नव्हते.

त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पुण्यात माझ्या मुलाचे पहिले पाच वाढदिवस आम्ही एका बालगृहात पुरी-श्रीखंड वाढून साजरे केले. त्यातल्या एका वर्षी तिथल्या ताई संकोचाने म्हणाल्या होत्या की आज दुपारीही एका वाढदिवसाचे गोड झाले आहे, तेव्हा जमल्यास पुढच्या आठवड्यात नुसती डाळ द्याल का. आम्ही श्रीखंडच दिले. वाढदिवस त्या दिवशी होता ना!

मागच्या वर्षाची वही चाळली तेव्हा जानेवारीची पाने जवळजवळ कोरी होती. केनियात जानेवारीला थट्टेने 'न्जानुअरी' म्हणतात; स्वाहिलीत 'न्जा' म्हणजे भूक. डिसेंबरात सगळे गावी जाऊन हात सैल सोडतात आणि परतल्यावर शाळेची फी, गणवेश, वह्या असा खर्च एकदम अंगावर येतो, हा त्या विनोदाचा अर्थ. बालगृहात तर त्रेचाळीस मुलांची फी. कोठीत उंगा आहे आणि पेटीत फीला पैसे नाहीत, अशी तिथली दर जानेवारीची अवस्था असे.

ही त्रेचाळीस मुले अनाथ आहेत, असा माझा समज होता. समाजसेविकेने डिसेंबरातल्या फेरतपासणीसाठी काढलेल्या फायली लावायला मी मदत केली, तेव्हा दिसले की केवळ सहा मुलांचे कोणीही सापडलेले नव्हते. बाकीच्यांची आई होती किंवा वडील होते, आजी होती, काका होता. कोणी आजारपणामुळे, कोणी आईचे काम सुटल्यामुळे, कोणी निव्वळ शाळेच्या फीपायी इथे आलेले. केनिया सरकारने 2017 पासून नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आहे, 2022 मध्ये मुलांविषयीचा नवा कायदा आला आणि त्याच वर्षी जाहीर झालेल्या दहा वर्षांच्या धोरणानुसार मुलांना टप्प्याटप्प्याने घरी किंवा दुसऱ्या कुटुंबात पाठवायचे आहे, हे मला समाजसेविकेकडूनच कळले. "लोक इमारतीला देणगी देतात," ती म्हणाली, "आजीला देत नाहीत."

त्यामुळे नाताळच्या सुटीत ज्यांना पाठवणे शक्य आहे त्यांना घरी पाठवण्याची धडपड चालली होती, आणि ती अडली होती भाड्यावर. नाताळच्या आधीच्या आठवड्यात अख्खे नैरोबी 'उशागो'ला, म्हणजे आपापल्या गावी निघते. गणपतीत मुंबईहून कोकणात जाणाऱ्या एसटीची आठवण यावी अशी ती गर्दी; फरक इतकाच की इथे खासगी बसवाले आणि मटाटूवाले, म्हणजे छोट्या खासगी प्रवासी गाड्यांवाले, भाडे दुप्पट करतात. तिकिटासाठी कोणी देणगी दिलेली नव्हती, कारण तिकिटाबरोबर उभे राहून फोटो काढता येत नाही. मग मी माझ्या कामाचा एकमेव धाडसी भाग पार पाडला. जास्तीचे डायपर आणि तूप जवळच्या दुकानदाराला विकण्याची लेखी परवानगी व्यवस्थापक समितीकडून घेतली, त्याच्याशी घासाघीस केली (दुकानाला स्वाहिलीत 'दुका' म्हणतात आणि घासाघीस सगळीकडे सारखीच असते), आणि आलेले पैसे वहीत 'प्रवास' असे नवे खाते उघडून जमा केले. त्या खात्यातून सव्वीस मुलांची भाडी निघाली. काही मुलांना नातेवाईक येऊन घेऊन गेले.

एकवीस तारखेच्या संध्याकाळी मी पोहोचवायला बसस्थानकावर गेले. नैरोबीत मचाकोस स्थानकाला लोक हसत 'मचाकोस एअरपोर्ट' म्हणतात. पावसाने चिखल झाला होता, बसच्या टपावर गाद्या आणि सोफे चढत होते. समाजसेविकेबरोबर पश्चिम केनियातल्या काकामेगाला निघालेले दोन भाऊ, एक बारा वर्षांचा आणि एक नऊ वर्षांचा, आपापली पिशवी पोटाशी धरून बसले होते. धाकट्याने मला विचारले की मी न्यान्याला ओळखते का. न्यान्या म्हणजे आजी, आणि न्यान्या म्हणजे टोमॅटोही. मी गडबडीत म्हटले, हो, बाजारात रोज बघते. तो इतका हसला की कंडक्टरने वळून पाहिले. पोटाशी धरलेल्या पिशवीत बिस्किटांचे दोन पुडे, साबण आणि माझ्या वहीत नोंद नसलेला एक कागदी कंदील होता. कंदील शेवटी आम्ही केलेच होते, एका पावसाळी दुपारी, तासभर.

नाताळला बालगृहात आठ मुले उरली. त्या दिवशी चपात्या झाल्या. केनियात कित्येक घरांत चपाती हे सणाचे पक्वान्न असते. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला हजारो भारतीय मजूर आणले गेले, आणि चपाती भारतीयांबरोबर या देशात आली. मैद्यात साखर, मीठ आणि कोमट पाणी घालून पीठ मळतात, लाटून तेल लावतात, गुंडाळी करून पुन्हा लाटतात आणि तव्यावर तेल सोडून भाजतात. घडीच्या पोळीची ही जाडजूड बहीण. इथे तरी आपला वट राहील या विचाराने मी मोठ्या ऐटीत पातळ पोळी लाटून दाखवली. एका मुलाने ती उजेडापुढे धरली आणि आरपार पाहून म्हणाला, "हा कागद आहे." नंतर मेट्रनबाईंनी मला गोळे करण्याच्या कामावर बसवले.

8 जानेवारीला शाळा उघडल्या. मी जानेवारीत गेले. खरे तर पहिल्या दिवशीच्या त्या प्रश्नाची टोचणी होती म्हणून गेले, आणि कोठीतले खुर्ची-टेबल जसे सोडले तसेच होते. मुले परत आली होती. काकामेगाचे दोघे भाऊ आले नव्हते. आजीचा फोन आला होता की गावातल्या शाळेचा गणवेश, वह्या आणि महिन्याकाठी थोडे पैसे यांची सोय होणार असेल तर मुले तिच्याजवळच राहतील. समाजसेविकेने समितीपुढे दोन आकडे ठेवले: दोघांना बालगृहात ठेवण्याचा खर्च आणि आजीने सांगितलेली रक्कम. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी होता. त्याच दुपारी एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सोयीने, आजीच्या फोनवर पहिला हप्ता गेला, आणि 'प्रवास' खात्याच्या खाली मी आणखी एक खाते उघडले. त्याला नाव काय द्यावे यावर थोडी चर्चा झाली. शेवटी मी 'न्यान्या' असे लिहिले आणि लेखापरीक्षकाचा गोंधळ नको म्हणून कंसात 'आजी' लिहून ठेवले.