पुढचं डावं चाक, ताम्हिणी घाट आणि न सुटणारे नट

जुलैचा पाऊस. निवे गाव मागे पडलेलं, माणगावच्या बाजूचा उतार सुरू झालेला. एका वळणानंतर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आपटलं. शंभरेक मीटरवर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं आणि खालून थप-थप आवाज. गोष्ट म्हणाल तर एवढीच. मोबाइलला रेंज नव्हती, त्या घाटात बऱ्याच ठिकाणी नसतेच. पुढची पाऊण तास-पन्नास मिनिटं काय केलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते लिहितो. अडलं ते एकाच ठिकाणी, नट सोडवताना. त्याचं मूळ मात्र घाटात नव्हतं, चार महिन्यांपूर्वीच्या टायरच्या दुकानात होतं.

थप-थप ऐकू आली की पहिली ऊर्मी होते ब्रेक दाबायची. ती आवरायची. हवा गेलेलं पुढचं चाक आणि जोरात ब्रेक, त्यात ओला रस्ता, म्हणजे गाडी बसलेल्या चाकाकडे वळणार. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, गाडी आपोआप हळू होऊ दिली. लगेच थांबलो नाही. वळणापासून पुढे, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशा सरळ तुकड्यापर्यंत पहिल्या गिअरमध्ये रांगत नेली, दोन-अडीचशे मीटर. असं चालवल्याने टायर आतून घासतो, कदाचित फुकट जातो. जाऊ द्यावा. टायरला चार-पाच हजार पडतात, वळणावर थांबण्याची किंमत कितीही होऊ शकते.

थांबताना तीन गोष्टी बघितल्या. जागा त्यातल्या त्यात सपाट हवी, खाली डांबर हवं, आणि वर सुटे दगड असलेला कडा नको. पावसाळ्यात साइडपट्टीच्या मातीवर जॅक लावला तर गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. म्हणून डिकीत प्लायवूडचा एक तुकडा कायम असतो, साधारण ३० बाय २० सेंटिमीटर, पाऊण इंच जाड. सुतारकामातून उरलेला, फुकटचा.

चारही इंडिकेटर चालू, हेडलाइट बंद. हेडलाइट बंद का? ५५ वॉटचे दोन साधे बल्ब म्हणजे बॅटरीतून नऊ-साडेनऊ अँपिअर, वर इंडिकेटरचे तीन-चार. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-अवरची, त्यात ती तीन-चार वर्षं जुनी असेल तर इंजिन बंद ठेवून तासभर हे चालवल्यावर स्टार्टर नुसता कट-कट करतो. चाक बदलून झालं आणि गाडीच सुरू होईना, हे अनेकांचं होतं. झालंच तर जंपर केबल लावण्याचा क्रम असा: लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला, काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन येत असतो. काढताना बरोबर उलटा क्रम.

परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे पन्नास मीटरवर ठेवा, असं सांगतात. म्हणजे साधारण सत्तर पावलं. घाटात मात्र पावलं मोजून भागत नाही. त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा. वळण संपल्यावर दिसलेला त्रिकोण उतारावरून येणाऱ्या टेम्पोला काय कामाचा? बरोबरच्या मंडळींना गाडीतून उतरवून रस्त्यापासून बाजूला उभं केलं. जॅकवरच्या गाडीत कुणीही बसायचं नाही, झोपलेलं मूलसुद्धा उचलून बाहेर.

आता एक मुद्दा जरा सावकाश सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. 'गाडी गिअरमध्ये टाक आणि हँडब्रेक ओढ' एवढं सगळे सांगतात. पण आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना. पुढचं एक चाक हवेत उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) गिअरची पकड संपलीच: जमिनीवरचं चाक पुढे फिरतं आणि हवेतलं चाक उलटं फिरून त्याला मोकळं सोडतं. ऑटोमॅटिक गाडीच्या 'पी'चंही तेच. म्हणजे पुढचं चाक उचलताना सगळा भार हँडब्रेकवर. मागचं चाक उचलताना उलट, हँडब्रेक एकाच चाकावर उरतो आणि खरा आधार गिअरचा. म्हणून दोन्ही करायचं, आणि तरी चाकांना दगड लावायचाच. माझी गाडी उताराकडे तोंड करून होती, तेव्हा रिव्हर्स गिअर, हँडब्रेक शेवटपर्यंत, आणि दोन्ही मागच्या चाकांच्या पुढच्या बाजूला डोक्याएवढे दगड, बुटाने ठोकून घट्ट केलेले. काम झाल्यावर ते दगड उचलून रस्त्याबाहेर टाकायचे. रात्री दुचाकीवाल्याचा जीव जातो अशा विसरलेल्या दगडांनी.

स्टेपनी डिकीच्या तळाशी, म्हणजे सगळं सामान आधी बाहेर. पावसात बॅगा ठेवायला प्लास्टिकचा कागद होता म्हणून निभावलं. स्टेपनीत हवा ३४ होती. चालत्या चाकांना माझ्या गाडीला ३० पीएसआय लागते (आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो), स्टेपनीत मी चार-पाच जास्त भरून ठेवतो. टायर नुसता पडून राहिला तरी महिन्याला साधारण एक पीएसआय उतरते. जास्तीची सोडून देणं दोन सेकंदांचं काम आहे, कमी असलेली घाटात कुठून आणणार?

मग नट. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच ते सैल करायचे. हवेतलं चाक पान्याबरोबर फिरतं आणि गाडी जॅकवरून हलते. आधी प्लास्टिकची डिस्क काढली, पाना नटावर पूर्ण आत बसवला. माझ्या गाडीचे चार नट १९ मिलिमीटरचे, गाडीबरोबरचा एल आकाराचा पाना जेमतेम २५ सेंटिमीटर लांब. पान्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा लावला, म्हणजे वरून खाली दाब दिला की नट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. हाताने दाबलं, काही नाही. पायाने दाबलं, काही नाही. पूर्ण वजन टाकून उभा राहिलो, तरी ढिम्म.

हिशेब बघा. छोट्या गाडीचे नट कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) कसायचे असतात. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर हे म्हणजे टोकाला चाळीसेक किलोचा दाब. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की १७० होतात. तरीही नट हलत नसतील तर ते कसताना हवेची गन शेवटपर्यंत दाबून धरलेली होती. गन तीन-चारशेपर्यंत सहज जाते. दुकानातला पोरगा टर्रर्र करून चार सेकंदांत चाक लावतो, आपण कौतुकाने बघतो, आणि बिल घाटात भरतो. अति कसलेल्या नटाने स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो, आटे जातात, कधी सोडवतानाच स्टड तुटतो.

पान्यावर उड्या मारण्याचा मोह होतो. मारू नयेत. पाना निसटला तर नटाचे कोपरे गोल होतात आणि नडगी फुटते ती वेगळीच. यावर उपाय म्हणजे दोन फुटांची लोखंडी पाइप. नळकाम करणाऱ्याकडे जीआय पाइपचा तुकडा मिळतो, पान्याचा दांडा आत सैलसर जाईल एवढ्या जाडीचा. दांडा लांब झाला की तेवढ्याच दाबात सव्वादोन-अडीच पट जोर. एका हाताने पान्याचं तोंड नटावर दाबून धरायचं, दुसऱ्याने पाइप सावकाश खाली न्यायची, झटका न देता. पहिला नट 'कडाक्' करून सुटला तेव्हा काहीतरी मोडलं असंच वाटलं. मोडलं नव्हतं. चारही नट अर्धा-पाऊण फेरा सैल केले आणि थांबलो. पूर्ण काढायचे ते गाडी उचलल्यावर. निम्मा वेळ या चार नटांनीच खाल्ला.

जॅक दाराखालच्या पट्टीवर, जिथे दोन खाचा असतात त्यांच्या मधोमध. ही पट्टी तिथेच दुहेरी आणि मजबूत असते. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो. चाक पूर्ण बसलं असलं की कधी कधी जॅक खाली शिरतच नाही. तेव्हा त्या चाकासमोर फळी ठेवून गाडी तिच्यावर चढवायची, दीड-दोन सेंटिमीटर मिळतात, तेवढे पुरतात. गाडी थोडी उचलली गेली की स्टेपनी आडवी करून दाराच्या पट्टीखाली सरकवली. जॅक घसरलाच तर गाडी टायरवर बसते, ब्रेकच्या डिस्कवर किंवा हातावर नाही.

उचलताना लक्षात ठेवा, हवा भरलेलं चाक बसलेल्या चाकापेक्षा जास्त जागा मागतं. टायर जमिनीपासून सुटला की अजून पाच-सहा सेंटिमीटर.

नट निघाले, चाक निघेना. कोकणात जा-ये करणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं, खाऱ्या हवेने रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, गंजून चिकटते. दोन नट परत दोन-तीन आट्यांवर बसवले, गाडी इतकी खाली घेतली की टायर जमिनीपासून जेमतेम सुटलेला राहील, आणि टायरच्या खालच्या भागावर तळव्याने आलटून पालटून उजवीकडे-डावीकडे थापा दिल्या. चाक सुटलं तरी नटांमुळे अंगावर आलं नाही. नंतर घरी हबचा तो भाग तारेच्या ब्रशने घासून मधल्या गोल कडेला ग्रीसचा पुसट हात फिरवला. स्टडच्या आट्यांना मात्र तेल-ग्रीस काही नाही. तेल लागलेला नट तेवढ्याच जोरात जास्त कसला जातो.

स्टेपनी लावताना नटाची निमुळती बाजू रिमकडे. चारही नट आधी हाताने, मग पान्याने समोरासमोरच्या जोड्यांत हलके कसले. शेजारशेजारचे कसत गेलं तर रिम तिरकी बसते. गाडी खाली घेऊन मग शेवटचं कसणं, त्याच छोट्या पान्याने, हाताने, अंगाचा भार देऊन. पाइप कसायला वापरायची नाही. ती फक्त सोडवायला.

पंक्चर किट असूनही ते का वापरलं नाही? ट्यूबलेस टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला असेल तर स्ट्रिप छान चालते: खिळा पक्कडीने काढायचा, रीमरने, म्हणजे किटमधल्या खरखरीत सळईने, भोक दहा-पंधरा वेळा घासायचं, चिकटा लावलेली स्ट्रिप सुईतून दोन्ही टोकं बाहेर राहतील इतकी आत ढकलायची, सुई एका झटक्यात ओढायची, हवा भरून वर थुंकी किंवा साबणपाणी लावून बुडबुडे बघायचे. पण माझ्या टायरला खड्ड्याच्या कडेने बगलेत बोटभर चीर पडली होती. बगल सतत वाकत असते, तिथे स्ट्रिप टिकत नाही, कुणी लावून दिली तरी लावून घेऊ नये. आणि खिळा दिसतोय पण हवा फारशी जात नाही, अशा वेळी तो उपटायचा नाही. तोच बूच असतो. हवा भरून पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. बारा व्होल्टचा छोटा पंप त्यासाठीच, इंजिन चालू ठेवून, दर दहा मिनिटांनी थंड होऊ देऊन.

ज्यांची स्टेपनी बारीक चाकाची आहे त्यांनी वेग ८० च्या आत ठेवायचा, आणि ती मुक्कामाला जाण्यापुरती आहे असं धरायचं. तिची हवाही वेगळी असते, बऱ्याचदा ६० पीएसआय. तिच्या बगलेवर लिहिलेली असते. एक्स्प्रेस वेवर मात्र मी यातलं काहीच करणार नाही. शोल्डरवर शंभरच्या वेगाच्या वाहनांना पाठ करून बसण्यापेक्षा कठड्यापलीकडे जाऊन मदत बोलावावी. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा नंबर आहे, बाकी कुठेही ११२.

माणगावात पोहोचल्यावर नट पुन्हा तपासले. नवीन बसवलेलं चाक थोडं मुरतं. एक नट पाव फेरा फिरला, बाकीचे जागचे हलले नाहीत. टायर भंगारात गेला, रिमची वाकलेली कड पंक्चरवाल्याने ठोकून सरळ केली. नवा टायर घेताना बगलेवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचले. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा, एवढंच ते. आणि चाक बसवायला पोराने गन उचलली तेव्हा म्हटलं, "दादा, गनने नुसते टेकव, कसू नको. शेवटचं पान्याने, हाताने." त्याने एकदा माझ्याकडे, एकदा शेठकडे बघितलं आणि कोपऱ्यातून चारतोंडी पाना शोधून आणला. त्याच्यावर धुळीचा थर होता.