नाइलाज होता म्हणे

बुधवार, रात्र

दोन दिवस एक जहाज डोक्यातून जात नाहीये. ॲरिस्टॉटलचं. वादळात जहाज बुडू नये म्हणून कप्तान माल समुद्रात फेकतो. खुशीने असं कोण करेल? तरी त्या घटकेला निवड त्याचीच. अशा कृत्यांना ॲरिस्टॉटल संमिश्र म्हणतो, आणि माप किंचित ‘स्वेच्छे’कडे झुकवतो.

२००९ साली जोनाथन फिलिप्स आणि जोशुआ नोब या अभ्यासकांनी हेच जहाज लोकांपुढे ठेवलं. एका गोष्टीत कप्तान बायकोचा महागडा माल फेकतो, दुसरीत थेट बायकोलाच. वादळ तेच, तरीही मालाच्या वेळी लोक म्हणाले, त्याला भाग पडलं; बायकोच्या वेळी तसं म्हणायला फारसे तयार नव्हते. म्हणजे आधी कृत्य किती वाईट ते ठरतं, आणि मग दडपण किती होतं ते! क्रम उलटा हवा ना? पण खरं सांगायचं तर वाचताना माझंही मत तसंच पडलं.

कायदा इथे आपल्यापेक्षा सरळ वाटतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं ९४. तिथल्या तिथे जीव जाईल अशा धमकीखाली केलेलं कृत्य गुन्हा धरत नाहीत, पण खून आणि देहांताची शिक्षा असलेले राज्यविरोधी गुन्हे वगळून. धमकी नव्हतीच, असं कायदा म्हणत नाही. खुनाला ही सबब चालणार नाही, एवढंच म्हणतो. आपण मात्र धमकीच पुसून टाकतो.

आईला जेवताना हे सांगितलं, तर ती एकदम युधिष्ठिराच्या ‘नरो वा कुंजरो वा’वर गेली. “त्याचाही नाइलाजच. द्रोण आणखी अर्धा दिवस असा लढला तर सैन्य उरणार नाही, असं कृष्णानेच बजावलं होतं.” खरंय. पण द्रोणपर्वात त्या क्षणाचा युधिष्ठिर असत्याच्या भयात बुडालेला आणि जयात गुंतलेला, असा दोन्ही आहे. अडकतं ते त्या दुसऱ्या शब्दापाशी. वुलफोक, डोरिस आणि डार्ली यांच्या २००६च्या प्रयोगात विमान अपहरणकर्ते एकाला मित्राचा खून करायला लावतात. त्या मित्राचे याच्या बायकोशी संबंध असतात. सुटका नाही हे दिसत असूनही, ज्याला मनातून तो खून हवाच होता त्याला लोकांनी जास्त जबाबदार धरलं.

आईला विचारलं, युधिष्ठिराला राज्य नकोच असतं आणि तरीही तो तेच वाक्य बोलला असता, तर? “मग रथ खाली आला नसता,” ती म्हणाली. मला तेवढी खात्री नाही.