लवंगेचं माहेर

विड्याला टोचलेली लवंग तोंडात टाकण्याआधी एकदा बोटांत फिरवून पाहावी. वरचा तो गोल दाणा म्हणजे मिटलेल्या पाकळ्या आणि त्याला धरून बसलेले चार दात म्हणजे फुलाचा बाहेरचा वेढा. आपण खातो ती न उमललेली कळी. उमलली की तिचा भाव पडतो, म्हणून हिरवी कळी गुलाबी होऊ लागली की ती खुडायची घाई.

या झाडाचं माहेर इंडोनेशियाच्या उत्तर मालुकू प्रांतात. तेर्नाते, तिदोरे, मोती, माकियान ही बेटं म्हणजे समुद्रातून वर आलेले ज्वालामुखीच. तेर्नातेचा गामालामा 1,715 मीटर उंच आणि अजून जागा. त्याच्या उतारावर लवंग, पायथ्याशी शहर. विषुववृत्त जवळच, त्यामुळे मृग लागला, पेरते व्हा, असला हिशेब तिथे चालत नाही. पाऊस बाराही महिने कधीही येतो. लवंगेला मात्र कळी धरायला थोडी उघडीप लागते आणि खुडल्यावर वाळायला चारपाच दिवस कडक ऊन. मग रस्त्याच्या कडेला चटया पसरून वाळवण घालतात. वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं, रंग तपकिरी होतो. झाडही आपल्या हापूससारखं लहरी. एक साल लगडलं की पुढे विश्रांती घेणार.

एवढ्याशा कळीपायी केवढी उलथापालथ! मॅगेलनच्या ताफ्यातली उरलेली जहाजं 1521 मध्ये तिदोरेला लागली ती हिच्यासाठी. डचांनी तर कहर केला. 1652 मध्ये तेर्नातेच्या सुलतानाशी करार करून, त्याला वर्षासन बांधून दिलं आणि लवंगेची झाडं तोडायला लावली. लवंग पिकवायची ती फक्त त्यांच्या ताब्यातल्या आंबोन भागात. पिकवणाऱ्याला न पिकवण्याचे पैसे देणारा हा व्यापार मला आजही चक्रावून टाकतो. अर्थात पैसे सुलतानाला, कुऱ्हाड शेतकऱ्याच्या झाडावर.

मक्तेदारी टिकली नाहीच. 1770 च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने रोपं मॉरिशसला पळवली, पुढे ती झांझिबारला पोचली आणि तिथे अशी फोफावली की विसाव्या शतकात खुद्द इंडोनेशिया झांझिबारहून लवंग आणवत होता. तीही जेवणासाठी नाही. तिथल्या क्रेतेक सिगारेटीत तंबाखूबरोबर लवंग भरतात, त्यासाठी.

आज या प्रांतात पैसा खेळतो तो निकेलचा. शेजारच्या हल्माहेरा बेटावर खाणी आणि भट्ट्या उभ्या राहिल्या आणि 2022 मध्ये प्रांताची अर्थव्यवस्था एका वर्षात 20 टक्क्यांहून जास्त वाढली. प्रांताची राजधानीही आता हल्माहेरावरच्या सोफिफीत आहे, पण गजबज अजून तेर्नातेलाच. सरकारी कामासाठी होडीने पलीकडे जायचं आणि बाजारहाटाला अलीकडे यायचं.