आमची वाटचाल : कॉइल वायंडिंगपासून लाईन वाइंडरपर्यंत

पहिलं सांगायचं ते हे, की आम्ही पतंगाच्या दोरीचं मशीन बनवत नाही. कधीच बनवलं नाही. डिसेंबर उजाडला की मकरपुरा जी.आय.डी.सी.तल्या आमच्या शेडवर कुणी ना कुणी फिरकी भरायचं मशीन विचारायला येतोच, आणि आमचा पोरगा त्याला दारातूनच परत पाठवतो. आम्ही बनवतो ती मासे गरवायच्या रिळावर लाईन, म्हणजे गळाची दोरी, चढवायची आणि उतरवायची साधनं : बेंचवर बसणारा वाइंडर, हातात धरायचा स्ट्रिपर, आणि दोन्हीला लागणारे रबरी कोन, क्लॅम्प, काउंटर. बडोद्यात हे कशाला, असं सगळेच विचारतात. इथे समुद्र नाही, आणि विश्वामित्रीच्या काठी गळ टाकून बसावं तर मगरी. पण बडोदं हे ट्रान्सफॉर्मरचं आणि मोटरांचं गाव आहे, आणि ज्याला तांब्याची तार बॉबिनवर नीट बसवता येते त्याला लाईनही बसवता येते. निदान मामांचं तसं म्हणणं होतं.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा आणि पहिले भागीदार. राहायला दांडिया बाजारात, आयुष्य गेलं कॉइल विभागात. नोकरी संपल्यावर त्यांनी आणि मी जळालेल्या मोटरांची तार नव्याने गुंडाळणाऱ्या रीवाइंडिंगवाल्यांसाठी हाताने फिरवायची वायंडिंग मशीनं करायला घेतली. बिडाचा स्टँड, दोन गिअर, एक काउंटर, बस. लेथ जुना घेतलेला, बेड झिजलेला, पण कुठे किती झीज आहे ते मामांच्या डोक्यात पक्कं असायचं आणि त्याप्रमाणे ते कट द्यायचे. शाफ्ट आणि बुशमधली मोकळीक ते आधी बोटाने सांगायचे, मायक्रोमीटर नंतर तेच दाखवायचा. नात्यातल्या माणसाबरोबर धंदा करणार असाल तर एक ऐकून ठेवा : हिशेब रोज संध्याकाळी मिटवा, दिवाळीवर ढकलू नका. आम्ही शटर ओढायच्या आधी वही पुढे घ्यायचो, म्हणून मामी अजून आमच्याकडे हक्काने जेवायला येतात.

आता रत्नागिरी. तिथल्या एका रीवाइंडिंगवाल्याने आमचं हातमशीन नेलं होतं. त्याला लागून दुकान गळ, रॉड आणि रिळांचं. त्या दुकानाचे मालक, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, रोज चहा पिता पिता ते मशीन बघायचे. मग एक दिवस फोन आला, "भाऊ, तांब्याच्या जागी नायलॉन घातलं तर चालेल का तुमचं?" मामांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि उलट त्यांनाच तासभर प्रश्न विचारले.

चालत नव्हतं, अर्थातच. तांबं ताणलं तर ताणलेलंच राहतं. नायलॉन ताणून चढवली की आतल्या आत आकसत राहते, आणि शेकडो वेढ्यांचा दाब मिळून स्पूलची, म्हणजे रिळातल्या लाईन गुंडाळायच्या चक्रीची, कड फाकवते. ब्रेडेडचं, म्हणजे विणलेल्या लाईनचं, उलट. ती ताणली जात नाही, पण सैल चढवली तर मोठा मासा लागल्यावर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो, आणि पुढच्या फेकीला लाईन तिथेच अडते. म्हणजे एकाच मशीनला दोन्ही स्वभाव सांभाळायचे. मामांनी फेल्टच्या दोन चकत्या, मधून लाईन, वर स्प्रिंग आणि खुणा केलेला नट असा टेन्शनर बसवला. आजही तोच आहे. फेल्ट थोडं ओलं करून घ्यावं, लाईन तापत नाही. लोक कोरडंच वापरतात आणि मग आम्हाला सांगतात की लाईन खरखरीत झाली.

रीळ धरायचं कसं यावर मामा आणि काका यांचं फोनवर जवळजवळ भांडण झालं होतं. काकांना पाहिजे होतं की रीळ रॉडवर असतं तसंच, आपल्या बुडाच्या पट्टीने क्लॅम्पमध्ये बसावं, म्हणजे गिऱ्हाईकासमोर दोन मिनिटांत काम. मामा म्हणायचे स्पूल काढून थेट स्पिंडलवर घ्या. शेवटी दोन्ही सोय ठेवली. ज्यांचा स्पूलच फिरतो ती बेटकास्टर आणि चालत्या बोटीमागे लाईन ओढायची ट्रोलिंगची रिळं क्लॅम्पमध्ये, आणि फेकताना स्पूल जागेवरच राहणाऱ्या स्पिनिंगचा सुटा स्पूल रबरी कोनवर. कोन तीन मापांचे देतो. नट आवळला की रबर फुगतं आणि स्पूलला आतून पकडतं, स्पूलवर ओरखडा नाही.

काउंटरबद्दल थोडं. आमच्या रोलरचा परीघ 200 मिलिमीटर, पाच फेऱ्यांना एक मीटर. पण 0.40 मिलिमीटर जाडीची मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉन, रोलरवरून जाते तेव्हा मोजमाप लाईनच्या मध्यावर होतं, परीघ सव्वा मिलिमीटरने वाढतो, आणि 300 मीटर दाखवल्यावर खरी लाईन 302 च्या जवळ भरते. एवढा फरक आम्ही मुद्दाम ठेवला आहे, तो गिऱ्हाईकाच्या बाजूचा आहे. दुकानदारांनी मात्र 300 यार्डाचा स्पूल 300 मीटर म्हणून विकू नये. तो 274 मीटर असतो, आणि आमच्या काउंटरवर ते दिसतं. मशीन खोटं आहे असे फोन येतात ते बहुतेक यामुळेच.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. मामा गेले. मोटर लावली, पायाचं पेडल दिलं, काळा रंग जाऊन हिरवा आला.

आणि मग तो. नाव घेणार नाही, आमच्याच शेडांच्या ओळीतला, चार शेड सोडून. त्याचं काम फिरकी भरायच्या मोटरचं. आमचा वाइंडर त्याने कुणाच्या तरी दुकानातून मिळवला आणि वर्षभरात हुबेहूब काढला, बिडाच्या जागी ॲल्युमिनियमची बेसप्लेट, बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचं बुश. आमच्या बेसप्लेटला डाव्या कोपऱ्यात एक भोक आहे. कॉइल मशीनच्या काळात तिथे काउंटरचं ब्रॅकेट यायचं, नंतर ओतकामाचा पॅटर्न बदलायचा खर्च नको म्हणून भोक राहिलं. त्याला काहीच काम नाही. त्याच्या मशीनलाही ते भोक होतं, आणि त्याने त्यात एक चकचकीत बोल्टसुद्धा लावला होता. भाव आमच्या निम्मा. आमचे दोन जुने डीलर तिकडे गेले. मी काही बोललो नाही, प्लास्टिकचं बुश बोलेल म्हटलं, आणि ते बोललंही. ट्रोलिंगचा जाड स्पूल भरताना बुश तापून अंडाकार व्हायचं, स्पिंडल डुलायचा, लाईन एका कडेला डोंगर करायची.

पण त्याआधी त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. 2017 च्या जुलैत राष्ट्रीय हरित लवादाने पतंगाच्या नायलॉन आणि सिंथेटिक मांजावर देशभर बंदी घातली. योग्यच केलं. दुचाकीवाल्यांचे गळे कापले जात होते, पक्ष्यांचे पंख तुटत होते. बंदी पतंग उडवायच्या दोऱ्यावर होती, मासेमारीच्या लाईनवर नव्हती. पण उत्तरायणाच्या तोंडावर हा फरक ऐकून घ्यायला कुणाला वेळ असतो? जानेवारीत आमच्याविरुद्ध निनावी अर्ज गेला की इथे चायनीज दोरी गुंडाळतात. ट्रान्सपोर्टला निघालेला टेम्पो नाक्यावर अडवला. आत तयार मशीनं आणि चाचणीचे नायलॉनचे स्पूल. बिलावर नुसतं 'वायंडिंग मशीन'. बघणाऱ्याने काय समजावं! माल जप्त, शेडला सील. अर्जाची प्रत पुढे मिळाली तेव्हा त्यात मशीनचा फोटो होता, आणि फोटोतलं मशीन हिरवं नव्हतं. बिनरंगाचं ॲल्युमिनियम, कोपऱ्यात चकचकीत बोल्ट. अर्जदाराने घाईत स्वतःच्याच मशीनचा फोटो जोडला होता.

हे मी दाखवलं, पण निनावी अर्जाला तोंड नसतं. बातमी मात्र एका संध्याकाळीत अख्ख्या इस्टेटमध्ये फिरली. दक्षिणेकडची मोठी ऑर्डर रद्द झाली. स्टीलवाल्याने उधारी बंद केली. तीन कामगार दुसरीकडे लागले, त्यांना मी अडवलं नाही, घरं चालायला हवीत. बँकेचा हप्ता बायकोच्या पाटल्यांवर गेला. लेथ विकायला काढला होता, माणूस बघूनही गेला होता.

काकांना मी फक्त एवढंच कळवलं की तुमचं मशीन उशिरा येईल. त्यांनी पुढच्या चार मशीनचे पैसे पाठवले. मी म्हटलं, "काका, शेडला सील आहे, मशीन कधी देईन सांगता येत नाही." ते म्हणाले, "मी मशीन मागितलंय का?" आणि कोकण रेल्वेने स्वतः बडोद्याला आले, सोबत रॉड, एक स्पिनिंग रीळ, एक बेटकास्टर, दुकानाची बिलं आणि घरच्या आंब्याच्या वड्या. चौकशी अधिकाऱ्यांपुढे त्यांनी जप्त मशीनवर बेटकास्टर चढवून दाखवलं. लाईन गाईड स्पूलवर डावीकडून उजवीकडे कसा सरकतो ते दाखवलं. मांजाला काच लावलेली असते, या लाईनवर बोट फिरवून बघा म्हणाले. रॉड, रिळं, गळ यांचा जीएसटीच्या बिलावरचा एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गाचा, क्रमांक 9507, तो बिलांवर दाखवला. शेवटी साहेबांनी स्वतः पेडल दाबून बघितलं आणि विचारलं की याने जिताडा मिळतो का. काका म्हणाले, "मशीनने नाही मिळत, साहेब. पहाटे उठावं लागतं." माल सुटायला तरी बराच काळ गेला, पण सील त्या भेटीनंतर निघालं.

त्या प्रकरणातून आमचा सध्याचा स्ट्रिपर आला. पूर्वीचा साधा होता, दोन रबरी चाकं लाईन ओढून काढायची आणि खाली पिशवीत ढीग पडायचा. रत्नागिरीत 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद, तेव्हा हौशी गरवणाऱ्यांना बोट भाड्याने देणाऱ्या चार्टरवाल्यांची रिळं दुकानात येतात आणि अशा पिशव्या भरतात. ती काढलेली नायलॉन कचऱ्यात गेली की गाईच्या पोटात, पक्ष्याच्या पायात, नाहीतर कुणीतरी उचलून पतंगाला. मला तो प्रकार माझ्या मशीनखाली नकोच होता. म्हणून चाकांमागे फिरतं पातं बसवलं, मोनो हातभर तुकडे होऊनच बाहेर पडते. ब्रेडेड त्यात घालू नका, पात्यावर गुंडाळते. ती स्पिंडलवर रिकामा स्पूल लावून उतरवा.

ब्रेडेड महाग असते, लगेच फेकूही नका. वरचा अर्धा भाग उन्हा-खाऱ्याने फिका पडतो, आतला नव्यासारखा असतो. उलटून चढवली की तोच रिळावर पुन्हा चालतो. पण लोक एका स्पूलवर उतरवतात आणि त्यावरूनच परत चढवतात. अशाने लाईन होती तशीच येते, जुनं टोक पुन्हा वर. मध्ये आणखी एक रिकामा स्पूल लागतो. आमच्या वाइंडरबरोबर दोन रिकामे स्पूल देतो ते यासाठी, गिऱ्हाईक त्यातला एक हमखास हरवतो. आणि खाली मोनोचे थोडे वेढे द्या, नाहीतर अख्खी ब्रेडेड स्पूलवर घसरते आणि ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, बिघडला म्हणून रीळ उघडत बसता. स्पिनिंगचा स्पूल कडेच्या 3 मिलिमीटर खाली थांबवा. काठोकाठ भरलेल्या स्पूलवरून पहिल्याच फेकीला गुंता सुटतो, मग दोष वाइंडरला.

2019 च्या जुलैअखेरीस पूर आला, शेडमध्ये पाणी शिरलं, मोटरा वाळवल्या, पुढे चाललो. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता पोरगा काउंटर डिजिटल करतोय. मी नको म्हणत नाही, फक्त खाऱ्या हवेत वर्षभर ठेवून मगच विकायचा असं ठरलंय, आणि तो वर्षभराचा नमुना काकांच्या दुकानात आहे. चार शेड पलीकडे आता दुसरंच काहीतरी बनतं. कोन, फेल्ट आणि बेअरिंग जुन्या काळ्या मशीनलाही मिळतात, रबर कडक झालं की मागवा. दुरुस्तीला मशीन पाठवणाऱ्यांनी एवढं करावं : खोक्यावर 'मासेमारीच्या रिळाचा वाइंडर' असं मराठीत आणि गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहावं, आणि डिसेंबर-जानेवारीत सोबत नायलॉनचा स्पूल पाठवू नये. चाचणीला लाईन आमच्याकडे आहे.