बेलापूर खाडीतली जुनी गोदी : 'गेटपासून पाच मिनिटं' ऐकलंत तर फळ्या घेऊन जा

कोरड्या गोदीच्या (जहाज आत घेऊन पाणी उपसून टाकतात ती) दुरुस्तीआधीची माती-तपासणी, तीन बोअर म्हणजे जमिनीत पाडायची खोल भोकं, चार दिवस. काम देणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, "गेटपासून पाच मिनिटं, टेम्पो थेट पॉइंटवर जातो." टेम्पो कुंपणाशीच थांबला. पुढे दीडशे मीटर गाळ. पहिलं पाऊल गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याला गमबूट आतच राहिला. अनवाणी जाऊ नका, कालवं पाय कापतात. नाडीचे जुने कॅनव्हास बूट घट्ट बांधा. सहा फळ्या होत्या. मागची उचलायची, पुढे टाकायची. तपासणीची नळी जमिनीत ठोकायचा 63.5 किलोचा हातोडा बांबूला बांधून दोघांनी नेला. एवढ्यातच दोन तास चाळीस मिनिटं गेली.

परतताना होडी केली. ओहोटीला ठरलेला दर भरती चढताच दुप्पट झाला. विंच (जड सामान ओढायचं यंत्र) अर्धी होडीत असताना घासाघीस कसली करणार? थांबण्याचा दरही आधीच लिहून घ्या.

खरी फसगत पहिल्या बोअरची. साडेचार मीटरवर पन्नास ठोके पडले तरी नळी हलेना. जुना नकाशाही पाच मीटरवर खडक दाखवत होता. सगळे म्हणाले, "कातळ लागला, आटपा." मीही दमलो होतो, सही करणारच होतो. तरी कोअर बॅरल, म्हणजे दगड कापून त्याचा सलग दांडा (कोअर) वर आणणारी नळी, घातला. चाळीस सेंटिमीटर दगड, आणि खाली पुन्हा काळी चिकणमाती. रॉड स्वतःच्या वजनाने उतरायला लागले. तो जुन्या भरावातला धोंडा होता. खरा बेसॉल्ट अकरा मीटरच्या खाली. निदान तीन मीटर सलग कोअर मिळाल्याशिवाय 'खडक' लिहू नका.

दुसरा-तिसरा बोअर कट्ट्यावर झाला, त्यात विशेष काही नाही.

पाण्याची पातळी मात्र सकाळी एकदा मोजून भागत नाही. गोदी रिकामी असताना जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने तळ खालून उचलला जातो. पातळीत मीटरभर फरक म्हणजे चौरस मीटरला साधारण एक टन दाबाचा फरक. पातळी मोजायला बोअरमध्ये सोडलेल्या नळीतलं पाणी भरतीमागून तासाभराने चढत होतं. त्यामुळे पूर्ण भरती-ओहोटी, साडेबारा तास, दर तासाला मोजा, तेही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात. यंत्र हलवायला अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, बरा. रात्रीच्या मोजणीला दोन माणसं ठेवा. एकाने टेप धरायची, दुसऱ्याने डास मारायचे.