एका गोळीपासून रोजच्या गोळीपर्यंत

२००६ साली मी सोलापुरात एचआयव्ही तपासणी केंद्राची समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्यासाठी आमच्याजवळ असलेले सगळे औषध कागदाच्या एका पुडीत मावत असे. नेव्हिरापिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी. सातव्या-आठव्या महिन्यात ती गरोदर बाईच्या हाती द्यायची, 'कळा सुरू झाल्या की घ्या' असे सांगायचे, आणि बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्याला दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याच औषधाचे थेंब पाजायचे.

शहराच्या पूर्वभागातल्या एका विडी कामगार बाईने ती पुडी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती, कारण घरात कुठेही ठेवली असती तरी ती सासूच्या नजरेस पडली असती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) नववा महिना लागल्यावर एका रात्री तिच्या पोटात दुखू लागले, तिने गोळी घेतली, आणि उजाडेपर्यंत दुखणे थांबले. त्या खऱ्या कळा नव्हत्याच. प्रत्यक्ष बाळंतपण त्यानंतर पाच दिवसांनी झाले. "कळ आली म्हणून घेतली की वो मॅडम. दुसरी मागायला यायचं असतंय, हे मला काय ठाऊक?" ती म्हणाली. ते तिला ठाऊक नव्हते, कारण मी ते सांगितले नव्हते. बाळाला थेंब वेळेवर मिळाले आणि दीड वर्षाने मूल निगेटिव्ह निघाले.

मूल निगेटिव्ह निघाले म्हणजे गोळी लागू पडली, असे त्या वेळी आम्ही सगळेच धरून चाललो. परंतु कोणतेही औषध न घेता, अंगावर पाजूनसुद्धा, शंभरातल्या निम्म्याहून अधिक बाळांना संसर्ग होत नाही. उपचाराविना संसर्गाचे प्रमाण साधारण १५ ते ४५ टक्के मानले जाते. त्यामुळे एका मुलाच्या रिपोर्टवरून औषधाची पारख करता येत नाही. त्यासाठी शेकडो मातांवर दोन औषधपद्धतींची शेजारी-शेजारी तुलना करावी लागते, आणि गेल्या तीस वर्षांत अशा तुलना झाल्या म्हणूनच आज आपण त्या पुडीपासून इतके दूर आलो आहोत.

पहिली मोठी चाचणी अमेरिका व फ्रान्समधली, १९९४ सालची. गरोदरपणात झिडोव्हुडिनच्या गोळ्या, प्रसूतीच्या वेळी तेच औषध शिरेतून आणि बाळाला सहा आठवडे सिरप, अशी तिहेरी योजना होती. संसर्ग २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आला. एचआयव्ही आईकडून बाळाकडे जाताना अडवता येतो, हे त्या दिवशी प्रथम सिद्ध झाले. पण एवढे महाग आणि शिरेतून द्यायचे औषध आपल्यासारख्या ठिकाणी कोण देणार होते? थायलंडने छत्तिसाव्या आठवड्यापासून फक्त गोळ्या देऊन पाहिल्या आणि संसर्ग निम्म्यावर आला. मग १९९९ मध्ये युगांडाच्या कंपाला शहरातून नेव्हिरापिनच्या एका गोळीचा निकाल आला. कळा सुरू झाल्यापासून झिडोव्हुडिन घेतलेल्या गटात १४ ते १६ आठवड्यांच्या वयाला २५.१ टक्के बाळे बाधित होती, तर नेव्हिरापिनच्या गटात १३.१ टक्के. खर्च नगण्य, देणे सोपे. भारतातला राष्ट्रीय कार्यक्रम २००२ पासून याच गोळीवर उभा राहिला.

येथे एक सावधगिरी घ्यावी लागते. १९९४ चे ८.३ आणि कंपालाचे १३.१ हे आकडे समोरासमोर ठेवून 'झिडोव्हुडिन सरस' असा निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण पहिल्या चाचणीतल्या माता अंगावर पाजत नव्हत्या आणि कंपालातल्या जवळजवळ सगळ्या पाजत होत्या. विषाणूला बाळापर्यंत पोहोचायला तीन वाटा असतात: गर्भाशयातला शेवटचा काळ, प्रसूतीचे तास आणि नंतरचे स्तनपान. कोणते औषध यांपैकी कोणती वाट अडवते, हे आधी पाहावे आणि मगच टक्केवारीची तुलना करावी. एका गोळीने प्रसूतीची वाट बऱ्यापैकी अडत असे. त्याआधीचे महिने आणि नंतरचे दूध मात्र मोकळेच राहत होते.

दुधाच्या वाटेवरचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या पुण्यातही झाला. इथिओपिया, युगांडा आणि भारत अशा तीन देशांतल्या त्या अभ्यासात बाळाला जन्मानंतरच्या एका मात्रेऐवजी सहा आठवडे रोज नेव्हिरापिन दिले गेले. सहाव्या आठवड्याला संसर्ग ५.३ टक्क्यांऐवजी २.५ टक्के दिसला. सहाव्या महिन्यापर्यंत मात्र हेच आकडे ९ आणि ६.९ टक्के झाले, म्हणजे औषध थांबले, दूध चालू राहिले आणि मिळालेला फायदा हळूहळू विरत गेला. २००८ मध्ये हे निष्कर्ष वाचले, तेव्हा माझ्या टेबलापाशी बाळ घेऊन बसणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

एका गोळीचा दुसरा दोष आईच्या अंगात शिल्लक राहत असे. नेव्हिरापिन रक्तातून फार सावकाश उतरते. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना सतत चुका करतो, आणि नेव्हिरापिनला दाद न देण्यासाठी त्याला एकच नेमकी चूक पुरते. प्रसूतीनंतर कित्येक दिवस औषधाचा तुटपुंजा अंश रक्तात राहिला की नेमका तसलाच विषाणू फोफावतो. पुढे स्वतःच्या उपचाराची वेळ आली की त्या आईला नेव्हिरापिनवर आधारलेला उपचार नीट लागू पडत नसे, आणि त्या काळी आपल्या मोफत उपचारात नेव्हिरापिन हेच मुख्य औषध होते. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू झाले, पण ते सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) २०० च्या खाली गेलेल्यांसाठी. म्हणजे बाळंतपणात आम्ही बाईला एक गोळी द्यायचो, बाळासाठी. आणि तिला स्वतःला सांगायचो, अजून तुझी वेळ आलेली नाही. हे वाक्य मी किती जणींना सांगितले असेल याची मोजदाद नाही, आणि आज ते आठवले की मला त्रास होतो.

तीन औषधे एकत्र दिल्यावर चित्र पालटले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आफ्रिकी अभ्यासात गरोदरपणापासून स्तनपान संपेपर्यंत तीन औषधे घेतलेल्या मातांच्या बाळांत वर्षअखेरीस ५.४ टक्के संसर्ग होता, तर झिडोव्हुडिन व नेव्हिरापिनच्या छोट्या योजनेत ९.५ टक्के. त्यानंतरच्या 'प्रॉमिस' चाचणीत, जिच्यात पुण्याचे केंद्रही होते, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात हाच फरक ०.५ आणि १.८ टक्के असा दिसला. मलावीने २०११ मध्येच सीडी४ न पाहता प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराचा उपचार द्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडे १ जानेवारी २०१४ पासून ते धोरण लागू झाले. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि एफाव्हिरेन्झ ही तिन्ही औषधे एकाच गोळीत, रोज एकदा, कायमची.

एफाव्हिरेन्झने चक्कर येई आणि विचित्र स्वप्ने पडत. "रात्रभर कुणीतरी छातीवर बसतंय बगा," असे एकीने सांगितल्याचे आठवते. तिचे औषध सुटू नये म्हणून मी दोन महिने दर आठवड्याला तिला फोन करत होते. आता त्याची जागा डोल्युटेग्राव्हिरने घेतली आहे, आणि माझ्या मते हा बदल फार मोलाचा आहे, विशेषतः उशिरा नाव नोंदवणाऱ्या बायकांसाठी. दक्षिण आफ्रिका व युगांडात गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत डोल्युटेग्राव्हिरवर उपचार सुरू केलेल्या मातांपैकी प्रसूतीच्या वेळी ७४ टक्के जणींचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, ५० च्या खाली आला होता. एफाव्हिरेन्झवर असलेल्यांत हे प्रमाण ४३ टक्केच होते. विडीच्या किंवा ऊसतोडीच्या कामात सातवा महिना उलटेपर्यंत दवाखान्याचे तोंड न पाहणाऱ्या बाईसाठी हा फरक किती मोठा आहे, ते वेगळे सांगायला नको.

या औषधाविषयी मध्यंतरी भीतीही पसरली होती. २०१८ मध्ये बोट्स्वानातून बातमी आली की गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेत असलेल्या मातांच्या ४२६ बाळांपैकी चौघांना मेंदूच्या व पाठीच्या कण्याच्या जडणघडणीतला दोष होता. काळजी रास्त होती आणि त्यामुळे अनेक देश काही काळ थांबले. मात्र त्याच देशात पुढे हजारो प्रसूतींची नोंद होत गेली तसा इतर औषधांशी असलेला फरक मिटत गेला, आणि जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध गरोदर स्त्रियांसह सर्वांसाठी प्राधान्याने सुचवले. तरीही ती जुनी बातमी फोनवर फिरत असते आणि एखादी सून घाबरून गोळी थांबवते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डोल्युटेग्राव्हिरची खरी अडचण अगदी घरगुती आहे. गरोदर बाईला आपण लोहाची आणि कॅल्शियमची गोळी देतो, आणि ही दोन्ही खनिजे पोटात डोल्युटेग्राव्हिरला बांधून ठेवतात, त्यामुळे ते पुरेसे शोषले जात नाही. एक तर या गोळ्या आणि एआरटीची गोळी जेवणासोबत एकत्र घ्याव्यात, नाही तर एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. मी बायकांना वेळ बांधून देते: पहाटे सहाला चहाच्या आधी एआरटी, कॅल्शियम दोन्ही वेळच्या भाकरीबरोबर, लोहाची गोळी रात्री झोपताना. वाचता न येणाऱ्या बाईच्या डबीवर उगवता सूर्य काढून देते. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन चालू असेल, तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागते. ते आपल्या एआरटी केंद्राच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बाळाच्या औषधाचेही आता एकच माप राहिलेले नाही. आईचा व्हायरल लोड आटोक्यात असेल तर सहा आठवडे एक सिरप पुरते. शेवटच्या महिन्यांत तो १००० च्या वर असेल किंवा निदानच प्रसूतीच्या वेळी झाले असेल, तर नेव्हिरापिन आणि झिडोव्हुडिन ही दोन्ही, आणि बाळ अंगावर पीत असेल तर बारा आठवडे. अडीच किलोंच्या वरच्या बाळाला रोज दीड मिलिलिटर नेव्हिरापिन द्यायचे असते. सिरिंजवर त्या रेघेपाशी मी लाल नेलपॉलिशची खूण करून देते, कारण पेनाची शाई धुतली की जाते.

यांपैकी कोणत्याही औषधाचा आकडा आपल्या घरात जसाच्या तसा उतरत नाही. बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, ते माहेर विजयपूरला किंवा कलबुर्गीला असते, आणि बदलीचा कागद व पुरेशा गोळ्या बरोबर नसतील तर विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा डोके वर काढतो. पाचवीला मध चाटवतात. रोज बाळगुटी उगाळली जाते. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध घेणाऱ्या बाळापेक्षा दूधही आणि वरचेही घेणाऱ्या बाळाला धोका अधिक असतो, कारण वरच्या खाण्याने त्याच्या आतड्याचे नाजूक अस्तर दुखावते. सासूला हे सगळे एचआयव्हीचे नाव न काढता पटवावे लागते. सुनेचे निदान तिच्या संमतीविना कुणाला सांगायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी ते सांगितले नसते.

गेल्या महिन्यात एका मुलाची अठराव्या महिन्याची तपासणी झाली. आईकडून आलेली प्रतिपिंडे तोवर ओसरलेली असतात, म्हणून हा रिपोर्ट शेवटचा मानतात. सहा आठवड्यांच्या, सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या तपासण्या आधीच निगेटिव्ह होत्या, हीसुद्धा निगेटिव्ह आली. आईने कागद दोनदा घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, मुलाचे नाक पुसले आणि विचारले, "आता हा सुटला. मग मी गोळ्या बंद करू का?" मी तिला म्हटले, "नाही ताई, त्या गोळ्या तुमच्या आहेत." आणि तिच्या पुस्तिकेत पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली.