सोमवारचा अकरावा फोन

हिंगणघाटला माझं म्युच्युअल फंड वितरणाचं छोटं ऑफिस आहे. गिऱ्हाईक म्हणजे शिक्षक, तलाठी, जिनिंगवाले, आणि आजूबाजूच्या खेड्यांतले थोडे शेतकरी.

23 मार्च 2020, सोमवार. कोरोनामुळे ऑफिस बंद होतं, म्हणून घरीच ओसरीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. दहा वाजायच्या आत बाजार 10 टक्के आपटला, लोअर सर्किट, म्हणजे पडझडीची मर्यादा, लागलं आणि 45 मिनिटं सगळे सौदे थांबले. तेवढ्यात दहा फोन येऊन गेले. अकरावा गुरुजींचा.

"भाऊ, टीव्हीवर पाहून राहिलो. माहे पैसे काढून द्या."

गुरुजी निवृत्त मास्तर. 2014 साली त्यांनी फंडात 2 लाख टाकले होते. जानेवारीत त्याचे 3 लाख 90 हजार दिसत होते, आता अडीचच्याही खाली. दुसरीकडे, जावयाच्या सांगण्यावरून घेतलेला एका बँकेचा शेअर निम्म्याहून खाली गेलेला. मी म्हटलं, "काढायचंच असेल तर आधी तो शेअर विका."

"घाट्यात काऊन विकू? खरेदीचा भाव आला की पाहू. फंड नफ्यात आहे तोवर काढा."

चाललेलं विकायचं आणि बुडालेलं जपायचं. शेफ्रिन आणि स्टॅटमन या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी 1985 मध्येच या खोडीवर लिहून ठेवलंय. पण गुरुजींना ते काय सांगणार? त्यांच्या मधल्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरलेला होता. हमीभाव क्विंटलला 5,550, व्यापारी त्याहून कमी देत होते, आणि यांच्या डोक्यात सहा हजार बसलेले. त्या कापसापायी अंगाला खाज सुटली तरी माणूस हलला नाही. कापसाचा भाव दर मिनिटाला लाल होऊन दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

तासभर समजावलं, ऐकलं नाही. पैसा त्यांचा. त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या युनिटचा भाव, मिळावी म्हणून तीनच्या आत अर्ज टाकला. सेन्सेक्स 3,934 अंकांनी पडून 25,981 वर बंद झाला.

मीही काही शहाणा नव्हतो. सगळ्यांना 'घ्या, घ्या' म्हणत होतो, आणि स्वतःचे 40 हजार मात्र बाजाराचा दुसरा निर्देशांक निफ्टी 7,000 ला येईल म्हणून दाबून ठेवले. ती आलीच नाही.

नोव्हेंबरात सेन्सेक्सनं जानेवारीचा उच्चांक मागे टाकला. त्याच आठवड्यात गुरुजींचा फोन आला. विकलेल्या फंडाबद्दल चकार शब्द नाही.

"भाऊ, तो बँकेचा शेअर आला का खरेदीवर?"

"नाही, गुरुजी."

"बरं. मग राहू द्या."